हेडिंग्लीच्या स्टँडची दुसरी बाजू

बाबा लीड्सला एकदाच आले, २०११ च्या उन्हाळ्यात. विमानतळावरून घरी येताना गाडीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "ते हेडिंग्ली इथून किती लांब रे?" लंडन, राणीचा वाडा, थेम्स नदी, कशाचंच त्यांना अप्रूप नव्हतं. विजय मांजरेकरांनी १९५२ साली ज्या मैदानावर १३३ धावा काढल्या, ते मैदान त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं.

त्या कसोटीची गोष्ट आमच्या घरात पोथीसारखी सांगितली जायची. बाबा तेव्हा आठ वर्षांचे, परळच्या चाळीत राहणारे. पहिल्या डावात वीस वर्षांच्या मांजरेकरांचं शतक, हजाऱ्यांच्या ८९. मग दुसरा डाव. फ्रेड ट्रूमन नावाचा पोरगा, पहिलीच कसोटी खेळणारा, लांबून धावत आला आणि भारताच्या धावफलकावर शून्यावर चार बाद. माधव मंत्री आणि मांजरेकर लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत. बाबा गोष्ट कधी १३३ वर थांबवायचे नाहीत. शून्य सांगितल्याशिवाय ती पुरी व्हायचीच नाही. "एकाच सामन्यात दोन्ही बघितलं त्या माणसाने," असं म्हणून ते गप्प बसायचे. पुढे १९८६ मध्ये ह्याच मैदानावर वेंगसरकरांनी ६१ आणि नाबाद १०२ केल्या आणि आपण २७९ धावांनी जिंकलो. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बाबा खूश झाले, पण गोष्ट सांगायची वेळ आली की १९५२ चीच सांगायचे.

तर एका शनिवारी सकाळी मी त्यांना मैदानावर घेऊन गेलो. सामना नव्हता. हिरवळीवर रोलर फिरत होता. बाबा कठड्याला हात टेकून बराच वेळ खेळपट्टीकडे बघत उभे राहिले. मग त्यांची नजर एका टोकाच्या स्टँडकडे गेली. "ह्याच्या पलीकडे काय?"

पलीकडे दुसरं मैदान आहे. हेडिंग्लीचं वैशिष्ट्य हेच. एकच स्टँड, त्याला दोन तोंडं. एका बाजूच्या खुर्च्या क्रिकेटकडे बघतात, दुसऱ्या बाजूच्या रग्बीकडे. पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन माणसांसारखी ही मैदानं १८९० पासून नांदताहेत. १९३२ मध्ये सामना चालू असताना जुनं लाकडी स्टँड आगीत गेलं, तेव्हाही पुन्हा दुतोंडीच बांधलं. तेही पाडून २०१९ मध्ये नवं उभं राहिलं, तेही तसंच.

मी तोवर लीड्समध्ये वर्षभर राहिलो होतो आणि त्या दुसऱ्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो. रग्बी म्हणजे चिखलात लोळणारी धिप्पाड माणसं, एवढंच मला ठाऊक होतं. नेलं ते शेजारच्या आजोबांनी.

त्यांना आमची मुलगी 'निळे आजोबा' म्हणायची, कारण निळा-पिवळा मफलर त्यांच्या गळ्यातून क्वचितच उतरायचा. सत्तरीचे, बायको जाऊन काही वर्षं झालेली. आयुष्यभर सूट शिवण्याच्या कारखान्यात कापड बेतण्याचं, कापण्याचं काम केलेलं. लीड्स हे एके काळी तयार सुटांचं शहर, सगळ्या इंग्लंडला कपडे घालणारं. आमचे बाबा गिरणीत साच्यावर. एकाने जन्मभर कापड विणलं आणि दुसऱ्याने कापलं. बाबांचं इंग्रजी मोडकंतोडकं, आजोबांची यॉर्कशरी बोली मलाही धड कळायची नाही, पण पहिल्याच दिवशी आजोबांनी बाबांच्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून कापड चाचपलं आणि दोघांची मैत्री झाली.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं साउथ स्टँडमध्ये उभे होतो. तिथे उभं राहूनच बघायचं, गात गात. मी आजोबांकडून नियम समजून घेत होतो. ह्या रग्बीला 'रग्बी लीग' म्हणतात. तेरा खेळाडू. चेंडू हातातून द्यायचा तो मागच्यालाच, पुढे नाही. चेंडूवाल्याला पकडून पाडलं की तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे लोटतो, मागे उभा असलेला सोबती तो उचलून पुढचा डाव सुरू करतो. अशा पकडी सहा. सहावीपर्यंत पलीकडे पोचला नाहीत तर चेंडू समोरच्यांचा. हे सगळं मी मराठीत बाबांना सांगेपर्यंत ते माझ्या पुढे गेलेले. "अरे, सांगू नको, कळलंय. दम धरायचा नाही एवढाच फरक. बघ, तो कोपऱ्यातला आधी कंबर धरायला वाकतोय, चुकतंय त्याचं, घोटा धरायला पायजे." बाबा तरुणपणी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. डाव्या कोपऱ्याला उभे राहायचे. ज्या खेळाचं नावही त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यातली पकड त्यांना पाच मिनिटांत वाचता आली.

मध्यंतरात आजोबांनी ह्या खेळाचा जन्म सांगितला. त्यातला एक शब्द मराठीत कसा आणावा ह्यासाठी मी अडलो आणि बाबांनीच तो पुरवला.

इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशर आणि लँकशरमध्ये, रग्बी खेळणारी पोरं खाणीत, गिरण्यांत, गोदीत राबणारी. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं. दूरच्या गावी सामना असला की कामावर जाता यायचं नाही, मजुरी बुडायची. क्लबांचं म्हणणं साधं होतं: बुडालेल्या वेळेचे पैसे, जास्तीत जास्त सहा शिलिंग, खेळाडूला द्यायची परवानगी मिळावी. दक्षिणेतल्या साहेबी मंडळींनी १८९३ मध्ये हा ठराव मतांनी पाडला. खेळावर पैसा घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं, कारण त्यांना पैशाची ददात नव्हती. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि वेगळे झाले. बावीस क्लबांनी नवी संघटना काढली. लीड्स त्यातला एक.

बाबा म्हणाले, "म्हणजे खाड्याचे पैसे मागितले."

अगदी तेच. खाडा. बाबांच्या पगारातून सामन्याच्या दिवसाचा खाडा कापला जायचा. आई त्या महिन्यात वाण्याकडे उधारी वाढवायची, हे मला आठवतं. बाबांनी तो शब्द उच्चारला तेव्हा ते खेळाकडे बघत नव्हते, त्या उभ्या गर्दीकडे बघत होते. बहुतेक वयस्क, जाड हातांची माणसं, सोबत नातवंडं. त्यांच्या आज्यापणज्यांनी मागितलेला खाडा.

वेगळे झाल्यावर खेळही बदलत गेला आणि त्यालाही कारण पोटाचंच होतं. खेळाडूला पैसे द्यायचे तर ते तिकिटातूनच यायचे, म्हणजे आठवडाभर राबून आलेल्या माणसाला दोन घटका काही बघायला मिळायला हवं. ढिगाऱ्यात चेंडू अडकून राहणं, तो पुन्हा पुन्हा बाहेर मारणं ह्यांना कात्री लागली. १९०६ मध्ये पंधराचे तेरा झाले, म्हणजे पळायला जागा झाली. त्याच सुमारास ती उठून पायाने चेंडू मागे लोटायची रीत आली. मला ह्या सगळ्या खेळात ती एक हालचाल सर्वांत जास्त आवडते. तुला पाडलंय, दोन-तीन जण अंगावर पडलेत, तरी उठायचं तुलाच आहे. आणि उठलास की चेंडू तुझा राहत नाही, तो मागच्याला द्यायचा. मागे कोणीतरी उभं असणार हे मान वळवून न बघता धरून चालायचं.

लीड्स हा श्रीमंत क्लब, मोठ्या शहराचा, मोठ्या मैदानाचा. नव्या खेळातल्या बाद पद्धतीच्या चॅलेंज कपाचा पहिला अंतिम सामना १८९७ मध्ये इथेच झाला. बॅटलीने सेंट हेलन्सला १०-३ ने हरवलं. पण यजमानाच्या नशिबी मोठं अजिंक्यपद, म्हणजे लीगचं, यायला १९६१ उजाडलं. संघटना काढल्यापासून सहासष्ट वर्षं. कप जिंकले, पैसा ओतून ऑस्ट्रेलियातून खेळाडू आणले. एरिक हॅरिससारखा वाऱ्याच्या वेगाचा गडी आणला. क्वीन्सलंडमधल्या टूवुम्बा गावाचा तो, बचाव करणाऱ्यांच्या हाती लागायचा नाही म्हणून लोक त्याला 'टूवुम्बाचं भूत' म्हणायचे, आणि १९३५-३६ च्या एका मोसमात त्याने ६३ ट्राय केल्या, म्हणजे तितक्यांदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. तरी अजिंक्यपद नाही. १९३८ च्या अंतिम सामन्यात समोर कोण, तर एअर नदीच्या दक्षिणेकडचा हन्स्लेट, त्याच शहरातला गरीब वस्तीतला क्लब. हन्स्लेट ८-२ ने जिंकला. निळ्या आजोबांचे वडील हन्स्लेटवाले होते. मुलगा नदी ओलांडून लीड्सच्या नादी लागला हे त्यांनी मरेपर्यंत माफ केलं नाही. रविवारी जेवायला बसलं की ते काही न बोलता आधी आठ बोटं दाखवायचे, मग दोन.

मग वेल्सहून लुईस जोन्स आला. हे नाव घेताना आजोबांचा आवाज अजून बदलायचा. अठराव्या वर्षी वेल्सकडून खेळलेला, तिथला लाडका. १९५२ च्या हिवाळ्यात लीड्सने सहा हजार पौंड मोजून त्याला घेतलं. त्या काळी ह्याची खरी किंमत पौंडांत नव्हती. पैसे घेऊन उत्तरेत गेलेल्या माणसाला जुन्या रग्बीचे दरवाजे कायमचे बंद व्हायचे. ज्यांच्याबरोबर तो वाढला, त्यांच्याबरोबर पुन्हा एकही सामना नाही. वेल्समध्ये ह्याला नुसतं 'उत्तरेला गेला' म्हणायचे, आपल्याकडे एखादा माणूस घर सोडून गेला म्हणावं तसं. जोन्सने १९५६-५७ च्या मोसमात ४९६ गुण केले आणि तो आकडा अजून कोणी ओलांडलेला नाही. १९६१ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑड्सल मैदानावर त्याच्याच नेतृत्वाखाली लीड्सने वॉरिंग्टनला २५-१० ने हरवलं. आजोबा तेव्हा विशीत. परत येऊन वडिलांसमोर जेवायला बसले, आणि त्या दिवशी वडिलांनी बोटं दाखवली नाहीत, एवढंच ते सांगायचे.

जोन्स २०२४ च्या मार्चमध्ये गेला, ९२ वर्षांचा होऊन.

पण आजोबांना खरी सांगायची असायची ती १९६८ ची गोष्ट. बाबांच्या १९५२ सारखी. पहिल्यांदा त्यांनी ती आमच्या स्वयंपाकघरात सांगितली, बाबांनी केलेला आल्याचा चहा पीत, आणि टेबलावर मीठदाणी, साखरेचा डबा, चमचे मांडून.

११ मे १९६८, वेम्बली. चॅलेंज कपाचा अंतिम सामना, लीड्स विरुद्ध वेकफील्ड ट्रिनिटी. वेकफील्ड म्हणजे इथून दहा-बारा मैल, खाणकामगारांचा मुलूख. ८७ हजार माणसं. आणि पाऊस असा की मैदानाचं तळं झालं. खेळाडू पळायला जायचे आणि बसून घसरत लांब जायचे. चेंडू पाण्यात तरंगायचा. त्या सामन्याला अजून 'वॉटरस्प्लॅश' फायनल म्हणतात. लीड्सकडून बेव्ह रिस्मनच्या किका, वेकफील्डकडून डॉन फॉक्सच्या. खेळ संपायला अगदी थोडा वेळ उरला असताना रिस्मनने पेनल्टी मारली आणि लीड्स ११-७ ने पुढे गेलं. आजोबा म्हणाले, आम्ही मिठ्या मारायला लागलो होतो.

खेळ पुन्हा सुरू करायला वेकफील्डने चेंडू मारला, तो पाण्यात लीड्सवाल्यांच्या हाती लागला नाही, आणि केन हर्स्ट नावाचा पोरगा पायाने चेंडू ढकलत ढकलत सगळ्यांना मागे टाकून गोलखांबांच्या मधोमध त्यावर जाऊन पडला. ट्राय. तेव्हा ट्रायचे तीन गुण. ११-१०. आता त्यामागची किक, दोन गुणांची, आणि तीही बरोबर खांबांसमोरून. साखरेचा डबा म्हणजे चेंडू, समोर दोन चमचे म्हणजे खांब. आजोबांनी मला विचारलं, "तू मारशील?" मी म्हटलं, मारीन. "लहान पोरगंही मारेल," ते म्हणाले.

फॉक्स हा खाणकामगारांच्या घरातला. त्याचा धाकटा भाऊ नील हा त्या संघाचा नेहमीचा किक मारणारा. पुढे जाऊन ६,२२० गुण केले त्याने, जगात सर्वांत जास्त. पण त्या दिवशी नील दुखापतीमुळे बाहेर होता, म्हणून किका डॉनकडे. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून वार्ताहरांनी डॉनचीच निवड केलेली. त्याने चेंडू पाण्यात टेकवून उभा केला. बूट गवताला पुसला. मागे गेला, आला, मारला. चेंडू उजवीकडे बाहेर गेला. आणि तिथेच खेळ संपला. फॉक्स गुडघ्यांवर बसला, डोकं खाली. टीव्हीवर समालोचन करणाऱ्या एडी वेअरिंगच्या तोंडून निघालं, बिचारा पोरगा. सगळ्या उत्तर इंग्लंडला ते दोन शब्द अजून पाठ आहेत.

"लीड्स जिंकलं," मी म्हणालो.

"हो," आजोबा म्हणाले. "माझ्या शेजारच्याने टोपी हवेत फेकली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडता येईना. तो माणूस पाण्यात बसलेला दिसत होता. त्याने सगळा सामना चांगला खेळलेला होता." मग त्यांनी साखरेचा डबा उचलून जागेवर ठेवला.

बाबांना सगळं इंग्रजी कळलं नव्हतं, पण गोष्ट कळली होती. ते मला म्हणाले, "ह्यांना सांग, आमच्याकडे पण एक आहे." आणि मी आजोबांना मांजरेकरांच्या १३३ आणि शून्याची गोष्ट सांगितली. त्या रात्री उशिरापर्यंत दोघं म्हातारे टेबलाशी बसून होते.

ह्या क्लबच्या मोठ्या खेळाडूंची यादी करायची तर पानं भरतील. जॉन होम्सला वगळता येत नाही, शहरातलाच मुलगा, १९६८ ते १९८९ एकाच क्लबकडून ६२५ सामने. त्याच्याइतका वेळ ह्या शर्टात दुसऱ्या कोणी काढलेला नाही. जॉन ॲटकिन्सन हा पोलिसात नोकरी करून विंगेवरून तीनशेच्या वर ट्राय करणारा. १९७७ आणि ७८ चे लागोपाठचे कप. पण १९७२ नंतर अजिंक्यपद पुन्हा रुसलं ते बत्तीस वर्षं. आजोबांच्या तिशीपासून साठीपर्यंतचा सगळा काळ त्यात गेला. दरवर्षी मोसमाचं तिकीट काढायचे. मी एकदा विचारलं की मधे कधी सोडावंसं नाही वाटलं? त्यांना प्रश्नच कळला नाही.

माझ्या वाट्याला आली ती त्यानंतरची पिढी, आणि ती ह्या क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी. त्यातली निम्मी पोरं क्लबच्या स्वतःच्या तालमीत तयार झालेली: केव्हिन सिनफील्ड, डॅनी मॅग्वायर, जेमी जोन्स-ब्युकॅनन, रॉब बरो. २००४ मध्ये ब्रॅडफर्डला १६-८ ने हरवून त्यांनी वनवास संपवला आणि २०१७ पर्यंत आठ वेळा अजिंक्यपद आणलं.

कर्णधार सिनफील्ड. त्याच्या गुणांचा आकडा चार हजारांच्या आसपास जातो, पण मला तो मोठा वाटतो त्याच्या हरण्यामुळे. २००३ मध्ये नुकतीच कर्णधारपदाची माळ गळ्यात पडलेली, वय बावीस. चॅलेंज कपाचा अंतिम सामना, ब्रॅडफर्ड २२-२० ने पुढे, शेवटची मिनिटं, आणि लीड्सला पेनल्टी मिळाली. किक मारली असती तर बरोबरी. सिनफील्डने किक नाकारली, ट्रायसाठी खेळायचं ठरवलं, आणि सामना गेला. त्यानंतर २००५, २०१०, २०११, २०१२. कर्णधार म्हणून त्याच कपाचे पाच अंतिम सामने हरला. दरवेळी समोरचा संघ कप उचलत असताना हा आपल्या पोरांना घेऊन उभा. २०१४ मध्ये कॅसलफर्डला २३-१० ने हरवून तो कप शेवटी हाती आला, आणि २०१५ मध्ये निवृत्त होताना त्याच एका मोसमात तिन्ही मानाचे चषक. मधल्या त्या अकरा वर्षांत माणूस कसा जगला असेल, ह्याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

आणि रॉब बरो. पाच फूट पाच इंच. ज्या खेळात शंभर-शंभर किलोची माणसं समोरून येतात, त्यात आमच्या चाळीतल्या एखाद्या गोविंदाएवढा, सर्वांत वरच्या थराला चढवतात तसल्या अंगाचा. पाठीवर सात आकडा. त्या शुक्रवारी बाबांची नजर त्याच्यावरच खिळलेली. "हा बघ चढाईवाला," म्हणाले. "ह्याला धरायचा म्हणजे हवा धरायची."

बाबा सप्टेंबरात परत गेले. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टरला अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, सेंट हेलन्सविरुद्ध. लीड्स त्या वर्षी पाचव्या क्रमांकावरून वर चढत आलेलं, कोणी धरतही नव्हतं. पहिल्या सत्रात बरोने चेंडू घेतला, अंगावर आलेल्या माणसाच्या हाताखालून वाकून निसटला, तसाच सुटला. शेवटचा रक्षक पॉल वेलन्स समोर, एवढी मोठी रिकामी जागा, आणि बरो एका बाजूला झुकला, दुसऱ्या बाजूने गेला. वेलन्सच्या हाताला काही लागलं नाही. लीड्स ३२-१६ ने जिंकलं. सामनावीराच्या निवडीत सगळीच्या सगळी मतं बरोला. परळमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, तरी मी बाबांना फोन लावला आणि ती ट्राय शब्दांत सांगितली. ते मधेच म्हणाले, "थांब, परत सांग. वाकला कुठल्या खांद्याने?"

२०१५ च्या नाताळात एअर नदीला पूर आला आणि कर्कस्टॉलचं सरावाचं मैदान चिखलात बुडालं. पुढच्या मोसमात क्लब तळाकडे गेला. बाबाही त्याच २०१६ मध्ये गेले. त्याआधी दीड महिना अंथरुणाला खिळले होते. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेलेली. मी रजा टाकून परळला होतो. रोज सकाळी त्यांना पलंगावरून उचलून खिडकीतल्या खुर्चीत ठेवायचं काम माझं. पहिल्या दिवशी मला ते जमलं नाही. मी काखेत हात घालून ओढत होतो, त्यांना दुखत होतं. शेजारच्या काकांनी दाखवलं: एक हात गुडघ्यांखालून, दुसरा पाठीमागून, आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर टेकू द्यायचं. मग वजन जाणवत नाही. डाव्या कोपऱ्यावर भल्याभल्या चढाईवाल्यांना रोखणारा माणूस माझ्या हातात एवढुसा होता. खिडकीत बसल्यावर ते डाव्या हाताने माझ्या दंडावर थोपटायचे.

रॉब बरोला २०१९ च्या डिसेंबरमध्ये मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं कळलं. वय ३७, घरात तीन लहान मुलं. ह्या आजारात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरतात. आधी हात, पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. माणूस आत जागा असतो, सगळं समजत असतं. पुढच्याच महिन्यात हेडिंग्लीवर एक मदतीचा सामना झाला, त्यात शेवटची पाच मिनिटं तो सात नंबरचा शर्ट घालून उतरला. आजोबा आणि मी तिथे होतो. लोक गात होते आणि रडत होते, आणि दोन्ही एकदमच चाललं होतं.

सिनफील्डने मग पळायला सुरुवात केली. २०२० च्या डिसेंबरात सात दिवसांत सात मॅरेथॉन, सात नंबरच्या मित्रासाठी. ठरवले होते ७७,७७७ पौंड जमवायचे, जमले वीस लाखांच्या वर. पुढच्या वर्षी लेस्टरहून लीड्सपर्यंत १०१ मैल, एका दिवसरात्रीत. त्याच्या पुढच्या वर्षी एडिंबरोहून मँचेस्टरपर्यंत. बरोचा आवाज तोवर गेला होता. आधी मुद्रित करून ठेवलेला त्याचा स्वतःचा आवाज यंत्रातून यायचा, डोळ्यांनी अक्षरं निवडून.

१४ मे २०२३. लीड्सची मॅरेथॉन, बरोच्याच नावाने, हेडिंग्लीहून निघून हेडिंग्लीलाच संपणारी. सिनफील्ड बरोची खुर्ची ढकलत सव्वीस मैल आला. आम्ही शेवटच्या वळणावर उभे होतो, आजोबा चाकांच्या खुर्चीत, मी मागे. अंतिम रेषेच्या अलीकडे सिनफील्ड थांबला. खाली वाकला. एक हात गुडघ्यांखालून, दुसरा पाठीमागून. उचललं, छातीशी घेतलं, गालावर ओठ टेकवले, आणि चालत रेषा ओलांडली. माझ्या हातांना ते वजन ओळखीचं होतं. मी खुर्चीची मूठ घट्ट धरून उभा राहिलो. आजोबांनी मागे न बघता हात वर करून माझा हात थोपटला.

रॉब बरो २ जून २०२४ ला गेला. ४१ वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी सीक्रॉफ्टच्या रुग्णालयात त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम सुरू झालं, थांबायचं नाही अशी त्याचीच इच्छा होती म्हणून. त्या शनिवारी वेम्बलीला चॅलेंज कपाचा अंतिम सामना तीनऐवजी तीन वाजून सात मिनिटांनी सुरू केला.

आम्ही हेडिंग्लीला गेलो त्या आठवड्यात. मी, मुलगी आणि आजोबा. मैदानाबाहेर लांबच लांब शर्ट, मफलर, फुलं, लहान मुलांनी काढलेली चित्रं. सगळे निळे-पिवळे नव्हते. सेंट हेलन्सचे होते, कॅसलफर्डचे, ब्रॅडफर्डचे, हलचे. आदल्या रात्रीच्या पावसाने काही शर्ट जमिनीला चिकटले होते. मुलगी आता कॉलेजात जाणारी, ती वाकून वाकून एकेक सरळ करत पुढे चालली होती.

आजोबांनी गळ्यातला मफलर काढला. इतक्या वर्षांत त्यांचा उघडा गळा मी पहिल्यांदा बघितला. मी तो घेतला आणि जवळच मोकळी जागा होती तिथे ठेवायला वाकलो.

"तिथे नको," ते म्हणाले. बोटाने त्यांनी थोडं पुढे दाखवलं. लाल-पांढरा-निळा, धुऊन धुऊन विटलेला एक मफलर होता. वेकफील्ड ट्रिनिटीचा.

"त्याच्याजवळ ठेव."

ठेवला. वारा होता, म्हणून दोन्हींवर मिळून एकच दगड ठेवला. स्टँडच्या पलीकडच्या मैदानावर रोलर फिरत असल्याचा आवाज येत होता.